ढेकर, दुपटं आणि दुपारची झोप

पुण्यात दुपारी १ ते ४ काय होतं, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यावर विनोद झाले, पाट्या झाल्या, फॉरवर्ड्स झाले. तर झोपेच्या या माहेरघरात, कोथरूडच्या एका तिसऱ्या मजल्यावर, एक तीन महिन्यांची पुणेकर दुपारी १ ते ४ झोपायला साफ नकार देत होती. आमची कन्या! घरगुती नाव पिल्लू. कागदोपत्री नाव भारदस्त आहे, पण ते पेलायला आधी मान तर धरू दे.

सीन रोजचा ठरलेला. पोटभर दूध पिऊन झालं, खांद्यावर डोकं टेकलं, डोळे मिटले. मी चवड्यांवर चालत पाळण्यापर्यंत जाणार. तिला अलगद ठेवणार. हात काढणार. एक मिनिट शांत... दोन मिनिटं शांत... आणि मग पाठ धनुष्यासारखी ताणली जाणार, घशातून ‘घुळुक’ असा आवाज, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाची धार आणि पाठोपाठ असा टाहो, की शेजारच्या काकू बेल वाजवून विचारणार, “काय गं, पडली की काय?”

आता तुम्ही म्हणाल, बाळं रडतातच. त्यात काय एवढं? बरोबर आहे. पण प्रश्न फक्त तिच्या झोपेचा नव्हता, माझ्या डेडलाइनचाही होता. नोकरदार बायकांना २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. फ्रीलान्सरला काय आहे? संपादकांचा “घाई नाही, गुरुवारपर्यंत दिलंस तरी चालेल” असा मेसेज! म्हणजे ती झोपली तरच माझं ऑफिस उघडणार. आणि ती काही झोपत नव्हती.

सल्ल्यांचा पाऊस

अशा वेळी फुकट मिळणारी एकमेव गोष्ट म्हणजे सल्ला. सासूबाईंनी बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं. काकूंनी बाळगुटी सुचवली. आत्याने मोहरीची उशी पाठवली. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने सांगितलं, पालथी टाक, पोट दाबलं की गॅस जातो. ऑफिसवाल्या मैत्रिणीने एका तिरप्या पाळण्याची लिंक पाठवली. डोकं वर, पाय खाली, वर व्हायब्रेशन आणि संगीत. किंमत बघून नवरा म्हणाला, “एवढ्यात आपण झोपू गं कुठेतरी रिसॉर्टवर.”

शेवटी सगळी लिस्ट घेऊन आम्ही बाळाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी वजन केलं, आलेख बघितला आणि हसल्या. “वजन मस्त वाढतंय. हा आजार नाहीये, धुण्याचा प्रॉब्लेम आहे. दुपटी जास्त घ्या!”

आधी फंडा क्लिअर करू

दूध वर का येतं? अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास आत गेला की ते मिटतं. तान्ह्या बाळांचं हे कडं अजून कच्चं असतं, मधेच सैल पडतं. त्यात आहार सगळा पातळ आणि दिवस सगळा आडवा. मग दूध उलट फिरणारच. यालाच रिफ्लक्स म्हणतात. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०१५ ची मार्गदर्शक सूचना सांगते, की निदान ४० टक्के बाळांना हे होतं, बहुतेक वेळा आठ आठवड्यांच्या आत सुरू होतं आणि त्यातल्या ९० टक्के बाळांचं पहिल्या वाढदिवसाच्या आत आपोआप थांबतं.

“पण जळजळत असेल ना हो तिला? औषध देऊ या?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, बाळ नुसतं दूध काढतंय, वजन वाढतंय आणि एरवी हसतंय, तर अ‍ॅसिडिटीचं औषध द्यायचं नाही. ते दिल्याने दूध वर यायचं थांबत नाही. बाळगुटी, ग्राइप वॉटर? पहिले सहा महिने आईचं दूध, तेवढंच. हिंग बाहेरूनच राहू दे आणि सासूबाईंना नाराज करू नका, हेही त्यांनीच सांगितलं. हुशार बाई!

मग दुपारीच का हा तमाशा? कारण साधं आहे. दिवसा दर दोन-तीन तासांनी दूध आणि दर तास-दीड तासाने झोप. त्यामुळे प्रत्येक डुलकी नेमकी भरल्या पोटावर येते. आम्ही तिला पाजता पाजता झोपवत होतो आणि लगेच आडवं करत होतो. म्हणजे सैल बुचाची भरलेली बाटली आडवी ठेवून ती सांडू नये अशी अपेक्षा!

उपाय ऐकायला एकदम सोपा निघाला. पाजल्यावर २० ते ३० मिनिटं खांद्याशी उभं धरायचं, मगच खाली ठेवायचं. आम्ही खूश होऊन घरी आलो.

तो बुधवार

उपाय सोपा होता, पण तो करायचा कोणी? दिवसातून सहा-सात वेळा अर्धा अर्धा तास, म्हणजे झाले की तीन-साडेतीन तास! रात्रीचं वेगळंच. नवरा सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गडप व्हायचा. सासूबाईंना मी सांगायचे, “राहू द्या आई, मी बघते.” मी सुपरवुमन ना!

बुधवारी दुपारी दोनला मी तिला छातीशी धरून सोफ्यावर टेकले. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून टेकले. पुढचं आठवतं ते बेलच्या आवाजाने दचकून जागं होणं. पिल्लू माझ्या छातीवर नव्हती. ती घसरून माझा दंड आणि सोफ्याची उशी यांच्या फटीत गेली होती. तोंड उशीकडे.

मी तिला ओढून उचललं. श्वास चालू होता. ती झोपेतच होती, दचकलीसुद्धा नाही. कुरिअरवाला बेल वाजवून निघून गेला. मी दार उघडलंच नाही.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, “झोपलेल्या मोठ्या माणसाबरोबर सोफा ही बाळासाठी सगळ्यात धोक्याची जागा. डोळे जड झाले की तिला पाळण्यात ठेवायची. ओकली तरी, रडली तरी.” आणि मग विचारलं, “घरात मोठी माणसं किती?”

“तीन.”

“मग उभं एकट्याच का धरता?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मोहरीची उशी विरुद्ध विज्ञान

त्या रात्री घरात मीटिंग झाली. अजेंडा क्रमांक एक : झोपवायचं कसं? सासूबाईंची भीती खरी होती. उताणं झोपलेलं बाळ ओकलं तर दूध श्वासात जाणार नाही का? मलाही हेच वाटायचं. पण गंमत बघा. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध पुन्हा खालच्या अन्ननलिकेतच उतरतं. पालथं टाकलं की हे चित्र उलटं होतं! शिवाय घशात काही आलं की निरोगी बाळ आपसूक गिळतं किंवा खोकतं. १९९०च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ‘बाळाला उताणं झोपवा’ अशा मोहिमा निघाल्या आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे निम्म्यावर आलं. रिफ्लक्स असलेल्या बाळांनाही नियम तोच. उताणं, सपाट, घट्ट गादीवर. उशी नाही, लोड नाही, जाड पांघरूण नाही.

आणि तो तिरपा, व्हायब्रेशनवाला पाळणा? डोकं वर केल्याने दूध यायचं थांबत नाही. उलट बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अशा पाळण्यांत बाळं दगावल्यावर अमेरिकेत २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने तब्बल ४७ लाख नग परत मागवले. २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला. १० अंशांपेक्षा जास्त उताराचे झोपेचे पाळणे विकायचे नाहीत. आपल्याकडे ऑनलाइन काहीही दिसतं, म्हणून सांगितलं.

आता उरली झोळी. सासूबाई म्हणाल्या, “माझी दोन्ही पोरं झोळीतच वाढली.”

“वाढली आणि छान वाढली. पण आई, झोळीतही पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. तेव्हा झोळीपाशी कोणीतरी बसलेलं असायचं ना?”

त्या जरा थांबल्या. “असायचं. माझी नणंद. दुपारभर दोरी हातात.”

आता नणंद ऑस्ट्रेलियात आणि दोरी कोणाच्याच हातात नाही. झोळी माळ्यावर गेली. मोहरीची उशीही गेली. आत्याला कृपया कोणी सांगू नका.

अर्ध्या तासाची मालिका

अजेंडा क्रमांक दोन : हात कोणाचे? इथे सासूबाईंनी सिक्सर मारला. दुपारी एकला त्यांच्या मालिकेचा कालचा भाग पुन्हा लागतो. जाहिराती धरून बरोबर अर्धा तास. “तू पाज आणि माझ्याकडे दे. मालिका संपली की बाळ आडवं.” विषय संपला! घड्याळ लावायची गरज नाही. शीर्षकगीत लागलं की ढेकर, कारस्थान रंगात आलं की पिल्लूचे डोळे जड.

सकाळची पाळी नवऱ्याची, ऑफिसला निघण्याआधी. घरून काम असेल त्या दिवशी दुपारचीही. कॅमेरा बंद, माइक म्यूट, खांद्यावर दुपटं आणि त्यावर लेक. एकदा म्यूट करायचं राहिलं आणि क्लायंटने ढेकर ऐकला. कोणाचा, ते शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही.

बाकी जे आम्हाला उपयोगी पडलं ते असं :

क्रम बदला. झोपून उठली की दूध, मग उभं धरणं, गप्पा, खिडकीतली झाडं आणि मग झोप. पाजता पाजता झोपवणं दिवसा तरी टाळलं. जांभई, डोळे चोळणं, नजर चुकवणं दिसलं की लगेच खोली अंधारी आणि पंखा सुरू. खूप दमलेलं बाळ जास्त रडतं, रडताना हवा गिळतं आणि हवेबरोबर दूध वर येतं.

थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. मधेच थांबून एक ढेकर, शेवटी एक.

डायपर आणि लंगोट आधी बदला, पाजल्यावर नाही. पाय पोटाकडे दुमडले की दूध वर आलंच म्हणून समजा. पोटावर काहीही घट्ट नको. तेल मालिश आणि अंघोळही दूध पाजण्याआधी.

कार सीट गाडीपुरतीच. घरात तिच्यात झोपवलं तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

ठेवताना आधी बूड, मग पाठ, शेवटी डोकं. छातीवर हलका हात एक-दोन मिनिटं तसाच. कुरकुर केली तर लगेच उचलू नका, पण टाहो फोडला तर जरूर उचला.

फारच वाईट दिवशी एखादी डुलकी अंगावर, बेबी कॅरियरमध्ये. पण धरणारा माणूस टक्क जागा हवा, बाळाचं तोंड दिसत हवं, नाक मोकळं आणि हनुवटी छातीपासून वर.

जादू झाली का? अजिबात नाही! पहिल्या आठवड्यात चारपैकी एक डुलकी पाळण्यात लागली. तिसऱ्या आठवड्यात दोन. बाकीच्या कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर. दूध ती अजूनही काढते. पण आता मी पेंगत नाही, हा मोठा फरक आहे.

बारशाला काय न्याल?

तुमच्या टीममध्ये कोणाला बाळ झालंय? ऑफिसमध्ये कॉन्ट्रिब्युशन काढून काहीतरी झुलणारं, वाजणारं घ्यायचा विचार चाललाय? बॉस, थांबा. डझनभर सुती दुपटी न्या. आणि गेल्यावर चहाची वाट बघू नका. हात धुवा आणि म्हणा, “दे इकडे, अर्धा तास मी धरतो. तू झोप.” याहून भारी गिफ्ट मला तरी माहीत नाही.

डॉक्टरांना फोन कधी?

उलटी हिरवी असेल, उलटीत रक्त दिसलं, दूध पिचकारीसारखं लांब उडत असेल, वजन वाढत नसेल, बाळ प्यायलाच नकार देत असेल, लघवी कमी झाली असेल, ताप असेल, बाळ मलूल पडलं असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला किंवा वर्ष उलटूनही थांबला नाही, तरीही दाखवून घ्या.

असो. आज मालिका वेळेवर संपली आणि पिल्लू १ वाजून ३५ मिनिटांनी पाळण्यात गेली. हा लेख इथपर्यंत आला तेव्हा २ वाजून २० मिनिटं झाली होती. सासूबाई शेजारच्या खोलीत पुणेकरांचा हक्क बजावत आहेत.

पाळण्यातून ‘घुळुक’ आलंय.

दुपटं कुठाय?