सातबारा नसलेला समुद्र

राजापूर तालुक्यातल्या साखरी नाटे गावचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जिवावर उदार होऊन समुद्रात जातात. मात्र शेजारच्या माडबनला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प येणार म्हटल्यावर हीच माणसं विरोधात उभी राहिली. तेव्हाच्या योजनेत प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॉट. रोज मरणाशी गाठ असलेल्यांनी एवढ्या सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या प्रकल्पाला का भ्यावं? शहरांतून उत्तर यायचं: अडाणी आहेत, कुणीतरी भडकवलंय.

हे उत्तर चूक आहे आणि अपमानकारकही. यंदाच्या अंकाचा विषय ‘धोका’ ठरला, तो यासाठीच.

चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने 1969 मध्येच आकडेवारीनिशी मांडलं होतं, की लादलेल्या धोक्यापेक्षा आपणहून पत्करलेला धोका माणसं सुमारे हजारपट सोसतात. 1982 मध्ये मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस आणि राज्यशास्त्रज्ञ एरन विल्डाव्स्की त्याही पुढे गेले. कशाला भ्यायचं, हे समाजाच्या जगण्याच्या रीतीवरून ठरतं, असं त्यांचं म्हणणं. बाजारावर भिस्त असलेल्याला उद्योगावरच्या बंधनांत धोका दिसतो, तर समतेची चाड असलेल्याला मूठभरांनी सगळ्यांच्या वतीने घेतलेल्या निर्णयात.

नाटे बंदरावर हे लख्ख दिसतं. होडी लोटायची की नाही, हे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ठरवतो. वारा, भरती, ढग त्याच्या ओळखीचे. अणुभट्टीचा धोका मात्र दूर कुठल्या तरी कार्यालयात मोजलेला. शिवाय जमीन गेलेल्याला मोबदला तरी मागता येतो. समुद्राचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. अणुभट्ट्यांचं गरम पाणी खाडीच्या तोंडाशी आलं आणि मासळी लांब गेली, तर दाद कुठे मागायची? हा प्रश्न अडाण्याचा नाही, हिशेबी माणसाचा आहे. 11 मार्च 2011 रोजी जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात अपघात घडला. पुढच्याच महिन्यात, 18 एप्रिलला, आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. त्यानंतर सुरक्षिततेच्या हमीवर गावाने कशाच्या बळावर विश्वास ठेवायचा?

अणुऊर्जेचे समर्थकही आपल्या मूल्यांवरच उभे असतात. कोळशाच्या धुराने होणारे मृत्यू आणि तापणारं हवामान त्यांना अधिक भयंकर वाटतं, आणि ती काळजी खरी आहे. पण आपण तेवढे विज्ञाननिष्ठ आणि समोरचा भावनेच्या आहारी गेलेला, असं त्यांनी धरून चालू नये.

प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. पुन्हा बोलणी होतील तेव्हा पहिल्या बैठकीला नाट्याचे तांडेल हवेत, आणि गरम पाणी नेमकं कुठे, किती सोडणार याचे नकाशे मराठीत त्यांच्या हाती आधीच पोचलेले हवेत.