बाटली एक, न्याय तीन

परदेशातून भारतात परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य सीमाशुल्क न भरता बरोबर आणता येते. हातातील पिशवीतून तो ते आणतो, सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोरून नेतो आणि अधिकारी त्याला हटकत नाही, कारण नियमच तसा आहे. किंबहुना विमानात बसण्यापूर्वी खरेदी करण्याचे राहून गेले असेल, तर उतरल्यावर ती करता यावी म्हणून मोठ्या विमानतळांवर शुल्कमुक्त दुकानेही आहेत. याउलट, पणजीहून बांदा, इन्सुली, सावंतवाडी, आंबोली, आजरा या मार्गाने कोल्हापूरला परतणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या पिशवीत गोव्यातील दुकानातून पूर्ण किंमत मोजून घेतलेली एकच बाटली निघाली, आणि तिच्यासाठी महाराष्ट्राचा परवाना त्याच्याजवळ नसला, तर इन्सुलीच्या नाक्यावर तो आरोपी ठरतो. दुकानाची पावती दाखवून भागत नाही. गोव्यात मिळालेला परवानाही महाराष्ट्राच्या आयात-परवान्याची जागा घेऊ शकत नाही. पहिल्या प्रवाशाने भारतातील कोणत्याही सरकारला त्या बाटलीवर छदामही दिलेला नाही. दुसऱ्याने निदान एका राज्याचा कर चुकता केलेला आहे. तरीही पहिला सभ्य प्रवासी आणि दुसरा तस्कर, अशी ही वाटणी आहे.

ही विसंगती केवळ मद्यपान करणाऱ्यांच्या सोयी-गैरसोयीची असती, तर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु एकाच वस्तूवर वेगवेगळ्या सत्ता वेगवेगळ्या हेतूंनी नियम करतात, तेव्हा कोणता नियम कशासाठी आहे हे स्पष्ट असावे लागते. तसे ते नसले की भुर्दंड नेमका त्याच माणसाला बसतो, ज्याच्यापासून समाजाला सर्वांत कमी धोका असतो.

या दृष्टीने विमानप्रवासाचे नियम पाहण्यासारखे आहेत. वरवर ते गुंतागुंतीचे वाटतात. वस्तुतः प्रत्येक नियमामागचे कारण सांगता येते. सत्तर टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय विमानात नेताच येत नाही, कारण ते पेट घेते. चोवीस ते सत्तर टक्क्यांपर्यंतच्या पेयाला दरडोई पाच लिटरची मर्यादा आहे आणि तेही दुकानात मिळते तशा बंद बाटलीत असावे लागते. चोवीस टक्के वा त्याहून सौम्य पेयाला ही मर्यादा नाही. हा सर्व आगीचा हिशेब आहे. बाटलीची किंमत काय, किंवा पिणाऱ्याचे चारित्र्य कसे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही, हा नियम 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये उघडकीस आलेल्या विमाने उडवण्याच्या कटानंतर आला. त्यात मद्य आणि पाणी यांत भेद नाही. शुल्कमुक्त दुकानातील बाटलीला सवलत आहे, पण ती उघडल्याचे लगेच कळेल अशा मोहोरबंद पिशवीत असली तरच. आणि स्वतःची बाटली बरोबर असली तरी ती विमानात उघडून पिता येत नाही. अमेरिकेत तर विमान कंपनीने स्वतः दिलेल्या मद्याखेरीज दुसरे कोणतेही मद्य विमानात पिण्यास कायद्यानेच मनाई आहे. कोणी किती प्याले यावर कर्मचाऱ्यांची नजर राहावी आणि तीस-पस्तीस हजार फुटांवर बंद नळकांड्यात दांडगाई होऊ नये, हा त्यातील हेतू. आपल्याकडील देशांतर्गत विमानांत तर मद्य दिलेच जात नाही.

म्हणजे नेणे वेगळे, पिणे वेगळे आणि कर देणे वेगळे, हा विवेक विमानप्रवासाच्या नियमांनी केलेला आहे. बाटली नेणारा प्रत्येक जण पिऊन गोंधळ घालणारच असे त्यांनी गृहीत धरलेले नाही. घाटरस्त्यावर मात्र या तिन्ही गोष्टींची एकच मोट बांधलेली दिसते.

तिचे मूळ इतिहासात आहे. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने पुढे दारूबंदीला राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थान दिले. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यापुरता तो कायदा सैल केला. बाकीचा बहुतांश कायम ठेवला. पुढे राज्याने संपूर्ण दारूबंदीचे धोरण सोडले, पण कायदा सोडला नाही. नाव बदलून तो आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून चालू आहे. त्याचे तर्कशास्त्र असे की, मद्य मुळात निषिद्ध. ज्याला परवाना मिळेल त्याच्यापुरती सूट. म्हणूनच प्रकृतीच्या रक्षणासाठी मद्य बाळगण्याचा परवाना, ही गमतीदार संज्ञा सरकारी कागदावर टिकून आहे. दर वर्षी हजारो कोटी रुपये मिळवून देणारा विभाग ज्या कायद्याच्या आधारे चालतो, त्याचे नाव दारूबंदीचे असावे, हा विनोद सरकारच्या लक्षात आलेला नसेल असे नाही. पण नावाची सोय मोठी आहे. तिजोरीसाठी उचललेल्या पावलालाही त्यामुळे नीतीचा पोशाख मिळतो.

तिजोरीचा भाग समजून घेतल्याशिवाय गोव्याच्या बाटलीचे आकर्षण कळणार नाही. मादक पेयांचे नियमन आणि त्यांवरील उत्पादन शुल्क हे दोन्ही विषय घटनेच्या राज्यसूचीत आहेत. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, देश एक बाजारपेठ झाल्याची ग्वाही दिली गेली. पिण्याचे मद्य मात्र त्या कराबाहेर ठेवण्यात आले. परिणामी प्रत्येक राज्य आपापला दर ठरवते. गोव्याने पर्यटनाच्या हिशेबाने तो कमी ठेवला. महाराष्ट्राने महसुलाच्या हिशेबाने चढा. 10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क, निर्मितीखर्च लिटरमागे 260 रुपयांपर्यंत असलेल्या प्रकारांसाठी, त्या खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला. अशा मद्याच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान विक्री किंमत 205 रुपये ठरली आणि या सगळ्या बदलांतून सुमारे 14 हजार कोटी रुपयांची वाढ अपेक्षित धरण्यात आली. (येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. या मद्याचा मद्यार्क बव्हंशी उसाच्या मळीचा असतो. ज्या पट्ट्यात ऊस पिकतो आणि मळी निघते, तेथीलच गिऱ्हाईक स्वस्त बाटलीसाठी घाट उतरते.)

दोन शेजारच्या बाजारांत एकाच वस्तूच्या किमतीत मोठी तफावत असली आणि मध्ये केवळ एक घाट असला, तर माल स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे वाहू लागतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवावे लागत नाही. सरकारलाही ते ठाऊक आहे. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये याच राज्याने आयात केलेल्या स्कॉच व्हिस्कीवरील शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणले. दर निम्मा केल्याने विक्री वाढेल, इतर राज्यांतून होणारी चोरटी आवक घटेल आणि महसूल शंभर कोटींवरून अडीचशे कोटींवर जाईल, असा त्यामागील हिशेब होता. श्रीमंताच्या पेल्यापुरता हा युक्तिवाद मान्य झाला. सामान्याच्या पेल्यासाठी साडेतीन वर्षांनी नेमका उलटा मार्ग धरला गेला. आणि शुल्क वाढले की नाक्यावरचे काम वाढणार, हे ओघाने आलेच.

नाक्यावर येणारी गाडी दोन प्रकारची असते. एक, चोरकप्पा करून शेकडो खोकी नेणारी. तिच्यामागे भांडवल असते, साखळी असते आणि कित्येकदा गोव्याच्या मालावर महाराष्ट्राची बनावट लेबले चिकटवण्याची व्यवस्था असते. हा गुन्हा लहान नाही. हिशेबाबाहेरचा माल बाजारात फिरू लागला की त्यात काय मिसळले आहे हे कोणी सांगू शकत नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे मेली. ती गोव्याची दारू नव्हती, हे खरे. पण तपासणीच्या कक्षेबाहेर गेलेल्या पेयाचा शेवट काय होऊ शकतो, याचा तो दाखला आहे. नाका उठवा असे म्हणणाऱ्याने तो विसरू नये. बाटली आडवी करण्यासाठी गावोगाव मतदान मागणाऱ्या स्त्रियांचा अनुभवही त्याने विसरू नये. घरात येणारी दारू स्वस्त झाली की सोसावे कोणाला लागते, हे त्यांना कोणत्याही अर्थतज्ज्ञापेक्षा अधिक कळते.

परंतु दुसऱ्या प्रकारची गाडी सहलीची असते. शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन मुले, गावाकडच्या मंडळाचे कार्यकर्ते तीत बसलेले असतात. पिशवीतील एक-दोन बाटल्यांना कायद्यात गुन्हा म्हणतात याची कल्पना त्यांतील अर्ध्यांना नसते. 2022 साली तत्कालीन राज्य उत्पादन शुल्क मंत्री शंभूराज देसाई यांनी गोव्याची दारू वारंवार आणणाऱ्यांवर मोक्का लावण्याची भाषा केली आणि लोकांत चर्चा झाली ती एका बाटलीची. 1999 चा हा कायदा टोळ्यांसाठी आहे. त्यात किमान पाच वर्षांची कैद आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. तो लागण्यासाठी संघटित टोळी लागते, आणि मागील दहा वर्षांत तीन वा अधिक वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांची एकाहून अधिक आरोपपत्रे न्यायालयात दाखल झालेली असावी लागतात. सहलीच्या प्रवाशाला तो लागू होणे जवळजवळ अशक्य आहे. मग त्या घोषणेचा उपयोग काय? सराईत तस्कर वकिलाचा सल्ला घेऊन असतो, त्याला हे कलम पाठ असते. भय वाटते ते ज्याला कलम ठाऊक नाही त्याला. आणि नाक्यावर भयाची किंमत रोखीत वसूल करू पाहणारा एखादा तरी निघतोच.

मोक्का दूरच राहिला. साधा गुन्हाही पगारदाराला पुरेसा असतो. वाहन जप्त होऊ शकते. सरकारी कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर 1979 च्या शिस्त व अपील नियमांनुसार तो आपोआप निलंबित मानला जातो. नोकरीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याला चारित्र्य पडताळणीच्या अर्जात त्या खटल्याचा उल्लेख करावा लागतो. चुकवलेला कर काही शे रुपयांचा. त्याची वसुली मात्र माणसाच्या उमेदीच्या वर्षांतून. शिक्षा आणि अपराध यांचे प्रमाण इतके बिघडले, की पोलिसांची दृष्टीही बिघडते. एका बाटलीचा गुन्हा आणि एका ट्रकचा गुन्हा नोंदवहीत एकेकच भरतो, आणि त्यांतला पहिला पकडणे केव्हाही सोपे.

2023 च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर या विसंगतीला एक नवा फाटा फुटला आहे. पेडणे तालुक्यातील हा विमानतळ महाराष्ट्राच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर आहे. परदेशातून तेथे उतरून कोल्हापूर वा सिंधुदुर्गातील आपल्या घरी जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत केंद्राच्या सीमाशुल्क खात्याने मान्य केलेली दोन लिटरची बाटली असते, आणि थोड्याच वेळात तो इन्सुलीच्या नाक्यावर पोचतो. तेथील अधिकाऱ्याने काय करावे? अडवले तर केंद्राची सवलत पोकळ ठरते. सोडले तर मागच्या मोटारीतील गोव्याची बाटली कोणत्या न्यायाने अडवायची, याचे उत्तर द्यावे लागते.

उत्तर अवघड नाही. सीमाशुल्काच्या धर्तीवर राज्याने वैयक्तिक वापरासाठी एक मर्यादा ठरवावी. ती दोन लिटरची असो की एका बाटलीची, तो तपशिलाचा भाग आहे. तेवढ्या मालावर दोन राज्यांच्या शुल्कातील फरक नाक्यावरच पावती देऊन वसूल करावा. फरक भरावा लागला की घाट उतरण्याचा मोह आपोआप ओसरेल आणि राज्याचा महसूलही बुडणार नाही. कडक मद्यासाठी महाराष्ट्राने घातलेली पंचवीस वर्षांची वयोमर्यादा तेथेही पाळली जावी. मर्यादेबाहेरचा माल, बनावट लेबले, चोरकप्पे यांना मात्र आजचा कायदा पूर्ण कठोरपणे लागू राहावा. सध्याचा नियम काय आहे, त्याचा भंग केल्यास काय होते, हे मराठीत ठळक अक्षरांत लिहिलेले फलक पत्रादेवी आणि दोडामार्गकडून येणाऱ्या रस्त्यांवर, नाक्याच्या आधी निदान दोन-तीन किलोमीटरवर लावण्यासाठी तर कायद्यात बदल करण्याचीही गरज नाही. डिसेंबरात सहलीच्या गाड्या फोंडा, करूळ आणि आंबोलीच्या घाटांना लागतात. त्यापूर्वी एवढे काम सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रंगाऱ्यालाही करता येईल.