कन्सोलवर कोण बसणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

डॉक्टरने आपली फी रुग्णाला आधी सांगावी, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांत लिहिलेलं आहे. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम जाहीर केले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले, त्यामुळे जुनेच पुन्हा लागू झाले. ज्या शस्त्रक्रियेने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते तिच्यासाठी पती-पत्नी दोघांची संमती घ्यावी, असंही २००२ च्याच विनियमांत आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पूर्ण ग्रंथी काढणं हे त्यातच मोडतं. म्हणजे नवरा-बायको दोघंही सही करतात आणि खर्चाचा अंदाज त्यांच्या हातात असतो. सर्जनने ही शस्त्रक्रिया आजवर स्वतः किती वेळा केली आहे, हे मात्र त्यांना सांगण्याचं बंधन कुणावरच नाही. ते सर्जनवरही नाही आणि रुग्णालयावरही नाही. हे पत्र त्या एका आकड्यासाठी आहे.

रोबोटिक सर्जरी म्हटल्यावर ऑपरेशन यंत्रच करतं, असा समज आजही घरोघरी आहे, आणि रुग्णालयांचे चौकाचौकातले फलक तो दूर करत नाहीत. फलकावर यंत्राचा फोटो मोठा असतो. प्रत्यक्षात ते यंत्र स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलवर बसतो, आतलं दृश्य मोठं करून त्रिमितीत पाहतो आणि त्याची बोटं हलतील तसे यंत्राचे हात हलतात. यंत्र त्याची थरथर गाळून टाकतं. कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं, ते यंत्राला कळत नाही.

आणि या शस्त्रक्रियेत सगळं त्यावरच अवलंबून आहे. प्रोस्टेट ग्रंथी ओटीपोटाच्या तळाशी, मूत्राशयाच्या तोंडाला लागून असते आणि मूत्रनलिका तिच्या आतून जाते. लघवीवर ताबा ठेवणारा स्नायू लगेच तिच्या खाली असतो, तर लिंगाच्या ताठरतेच्या नसा दोन्ही बाजूंनी तिच्या आवरणाला बिलगून असतात. या नसांचा मार्ग जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श आणि नेदरलँड्सचे पीटर डोंकर यांनी शोधला आणि १९८२ मध्ये वॉल्श यांनी त्या वाचवून शस्त्रक्रिया करून दाखवली. तोवर या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांची लैंगिक क्षमता जात असे. आजही काही मिलिमीटर बाहेरून कापलं तर नस जाते आणि आतून कापलं तर कर्करोग मागे राहतो. ग्रंथी निघाल्यावर मूत्राशय आणि मूत्रनलिका पुन्हा शिवून जोडावी लागते. ती शिवण कशी जमली, हे लघवीची नळी काढल्यावर घरी गेलेल्या माणसाला कळतं, त्याच्या अंथरुणात आणि त्याच्या पॅडमध्ये.

अनुभवाने फरक पडतो, ही केवळ धारणा नाही. तो मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या चार मोठ्या केंद्रांतले ७२ सर्जन आणि त्यांचे ७,७६५ रुग्ण यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी फक्त १० शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनच्या रुग्णांत पाच वर्षांत रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा निर्देशक) वाढून कर्करोग परतल्याचं प्रमाण १७.९ टक्के होतं, तर २५० केलेल्यांच्या रुग्णांत १०.७ टक्के. ही उघडी शस्त्रक्रिया होती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत शिकण्याचा आलेख तर आणखी लांब निघाला. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या सात संस्था, २९ सर्जन आणि ४,७०२ रुग्ण, असा २००९ चा अभ्यास होता. कर्करोग परतण्याचं प्रमाण १० शस्त्रक्रियांनंतर १७ टक्के, २५० नंतर १६ टक्के आणि ७५० नंतर ९ टक्के. आजाराची तीव्रता हिशोबात धरूनच हे आकडे काढलेले आहेत. म्हणजे तोच आजार असलेल्या शंभर माणसांमागे सात-आठ जणांचा कर्करोग परत येतो की नाही, हे त्यांच्या सर्जनच्या मागे किती शस्त्रक्रिया आहेत यावर ठरत होतं. त्या सात-आठ जणांना कुणी विचारलं होतं का?

कर्करोग बाजूला ठेवला तरी चित्र तेच. अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी विम्याच्या नोंदींतून ११,५२२ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये झाला. वर्षाला खूप शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे गुंतागुंतीचं प्रमाण २६ टक्के होतं, कमी करणाऱ्यांकडे ३२ टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात विशेष फरक नव्हता. रुग्णालयं नेमकी हीच बाजू पुढे करतात, की आमच्याकडे कुणी दगावलं नाही. पण प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत माणूस क्वचितच दगावतो. तो जगतो, आणि पुढची वीस वर्षं लघवीच्या गळतीसह जगायची की तिच्याशिवाय, हा त्याचा प्रश्न असतो.

‘आमचे सर्जन फार ज्येष्ठ आहेत’ हे उत्तरही पुरेसं नाही. सिडनीतल्या एका सर्जनने उघड्या पद्धतीने सुमारे ३,००० प्रोस्टेट काढल्यानंतर रोबो हाती घेतला. त्याच्या १,५५२ रुग्णांचा हिशोब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रोबोने केलेल्या शस्त्रक्रियांचे लैंगिक क्षमतेबाबतचे निकाल त्याच्या स्वतःच्याच उघड्या शस्त्रक्रियांच्या पुढे गेले ते ९९ रुग्णांनंतर, आणि सुरुवातीच्या काळातला लघवीवरचा ताबा १८२ रुग्णांनंतर. सुधारणा त्यानंतरही शेकडो रुग्णांपर्यंत चालू राहिली. तीन हजारांचा अनुभव असलेल्या माणसाला जिथे शंभर रुग्णांपर्यंत शिकावं लागलं, तिथे वर्षाला आठ-दहा प्रोस्टेट करणाऱ्या सर्जनला किती वर्षं लागतील? त्याने आपला आकडा सार्वजनिक केला, म्हणून तो आज सांगता येतो. त्या सर्जनविषयी आदर वाटतो तो त्यामुळेच.

यंत्राने हा फरक भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियातच, ब्रिस्बेनमध्ये, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं रुग्णांना उघड्या आणि रोबोटिक शस्त्रक्रियेत विभागून तुलना झाली. दोन्हीकडचे सर्जन अनुभवी होते. २०१६ मध्ये बारा आठवड्यांनंतरचे निकाल आले, पुढे दोन वर्षांनंतरचे आले. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, दोन्हींत फरक नव्हता. रोबोमुळे रक्त कमी जातं आणि माणूस लवकर घरी जातो, हे खरं आहे. पण रुग्णाने जास्तीचे पैसे यंत्रासाठी मोजावेत आणि हाताविषयी विचारूही नये, याला कोणता आधार आहे?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं एक प्रकरण आयोगातल्या प्रत्येकाने वाचायला हवं. २००८ मध्ये तिथल्या एका सर्जनने प्रशिक्षकाच्या देखरेखीशिवाय आपली पहिली रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रिया केली. रुग्ण लठ्ठ होता. शस्त्रक्रिया तासन् तास लांबली, शेवटी पोट उघडावं लागलं, त्यानंतर गंभीर गुंतागुंत झाली, आणि काही वर्षांनी तो रुग्ण वारला. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यंत्राच्या धोक्यांची सूचना रुग्णालयालाही देणं हे उत्पादक कंपनीचं कर्तव्य आहे, असं त्या न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. भारतात अशा पहिल्या शस्त्रक्रिया कुणावर झाल्या आणि त्या माणसांना ते ठाऊक होतं का? याची नोंद कोणत्या दप्तरात आहे, ते आयोगाने दाखवावं.

दिल्लीच्या एम्समध्ये रोबो २००६ मध्ये आला. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात ही शस्त्रक्रिया घडवून जगाला शिकवणारे मणी मेनन पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये शिकले होते. गुरुग्राममध्ये तयार झालेल्या मंत्रा या रोबोला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. विमा नियामकाने आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश करायला लावला. यंत्रं स्वस्त होऊन लहान शहरांत पोचणार आहेत आणि ती पोचायलाच हवीत. पण प्रत्येक नव्या यंत्रासमोर नव्याने शिकणारा सर्जन बसणार आहे, आणि त्याच्या पहिल्या पन्नास रुग्णांना ते माहीत नसणार आहे.

आज कुटुंबं काय करतात? नांदेड किंवा रत्नागिरीहून बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन मुलगा वडिलांना पुण्या-मुंबईला आणतो. गावातले डॉक्टर सांगतील ते नाव, मेहुण्याच्या ऑफिसातल्या कुणाचं ऑपरेशन झालं ते रुग्णालय, कॅशलेस जिथे मिळेल ती जागा, यांतून निवड होते. ओपीडीत धीर करून आकडा विचारला तर ‘आमच्या सेंटरला हजाराच्या वर झाल्यात’ असं उत्तर मिळतं. त्या हजारांत मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रिया धरल्या आहेत का, आणि समोर बसलेल्या डॉक्टरांच्या त्यांतल्या किती, हे पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. उद्या वडिलांना त्यांच्याच हाती द्यायचं असतं.

इतर देशांत यावर वाटा निघाल्या आहेत. इंग्लंडमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये शिफारस केली, की प्रोस्टेटसाठीचे रोबो वर्षाला किमान १५० शस्त्रक्रिया होतील अशाच केंद्रांत असावेत. तिथल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने सर्जनच्या नावानिशी शस्त्रक्रियांचे आकडे लोकांपुढे ठेवले. न्यूयॉर्क राज्यात हृदयशस्त्रक्रियांचे सर्जननिहाय निकाल एका वृत्तपत्राने १९९१ मध्ये कोर्टात जाऊन खुले करून घेतले. हॅम्बर्गच्या मार्टिनी क्लिनिकमध्ये फक्त प्रोस्टेटचंच काम चालतं. तिथे प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं प्रश्नावली पाठवतात आणि कुणाचे निकाल मागे पडत आहेत ते सर्जन एकमेकांसमोर पाहतात.

आकडे खुले केले तर सर्जन अवघड रुग्ण टाळतील, हा आक्षेप गंभीर आहे. म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये रुग्णाचं वय आणि आजाराची तीव्रता धरून आकडे दुरुस्त करतात. नवे सर्जन शिकणार कसे, हाही प्रश्न रास्त आहे. त्यांनी सिम्युलेटरवर आणि दुहेरी कन्सोलवर, ज्येष्ठाच्या नजरेखाली शिकावं, आणि रुग्णाला तसं सांगून शिकावं. बरेच जण होकार देतील. गुपचूप शिकण्याला मात्र कोणतंही समर्थन नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे, की रुग्णाला निर्णय घेता येईल इतकी पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नव्हे.

घाईचं कारणही पुढे करू नये. ब्रिटनमध्ये, कर्करोग ग्रंथीपुरताच असलेल्या १,६४३ पुरुषांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निव्वळ देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, काहीही वाट्याला आलं असलं तरी प्रोस्टेटच्या कर्करोगाने मेलेले ३ टक्क्यांच्या आसपासच होते. अशा बहुतेक रुग्णांना दुसरं मत घ्यायला आणि सर्जन निवडायला काही आठवडे नक्की असतात. ‘सोमवारीच टेबलवर घेऊ’ म्हणून त्यांना घाबरवणं थांबलं पाहिजे.

आयोगाकडे राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही आहे. तिचं पोर्टल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. तिच्यात नाव, नोंदणी क्रमांक आणि पदवी असते. रोबोटिक शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी त्यात एक रकाना वाढवावा: स्वतः कन्सोलवर बसून केलेल्या प्रोस्टेट शस्त्रक्रिया, एकूण आणि मागच्या वर्षातल्या. हेच दोन आकडे संमतीपत्रावर छापावेत, आणि कन्सोलवर प्रत्यक्ष कोण बसणार त्याचं नाव त्याखाली असावं. काढलेल्या ग्रंथीच्या कडेला कर्करोग राहून गेल्याचं प्रमाण आणि वर्षभरानंतर एकही पॅड न लागणाऱ्यांचं प्रमाण पुढच्या टप्प्यात यावं. सुरुवात सरकारी पैशाने रोबो घेतलेल्या रुग्णालयांपासून करावी, म्हणजे खासगी रुग्णालयांना पळवाट राहणार नाही. हे कोणत्या तारखेपर्यंत होईल, किंवा होणार नसेल तर का, याचं लेखी आणि जाहीर उत्तर आयोगाने द्यावं.