नोंद रोग्यासाठी की विमा कंपनीसाठी?

अमेरिकेत जननेंद्रियावरील चामखिळी लेसरने जाळण्याचे काम बहुधा एका बैठकीत उरकते. त्यानंतर सुरू होतो तो बिलाचा प्रवास. चामखिळी किती होत्या, केवढ्या होत्या, नेमक्या कोठे होत्या, त्या का काढाव्या लागल्या, या साऱ्याची लेखी जबानी डॉक्टरला द्यावी लागते. ही जबानी मुख्यतः विमा कंपनीसाठी असते.

या व्यवहाराची भाषा आकड्यांची आहे. पुरुषाच्या लिंगावरील चामखिळी लेसरने नष्ट केल्यास संकेतांक ५४०५७. काम 'विस्तृत' असेल तर, साधन कोणतेही असो, ५४०६५. स्त्रीच्या योनिमुखावरील त्याच कामासाठी ५६५०१ आणि ५६५१५. 'विस्तृत' कामाला पैसे जास्त मिळतात. परंतु 'साधे' कोठे संपते आणि 'विस्तृत' कोठे सुरू होते, याची संख्येतील मर्यादा संकेतावलीने घालून दिलेली नाही. ती पोकळी डॉक्टरच्या टिपणाने भरायची. टिपणात एखादा तपशील राहिला, तर विमा कंपनी काम 'साधे' ठरवून पैसे कापते, किंवा उपचार केवळ सौंदर्यासाठी होता असे सांगून देणेच नाकारते. अशा वेळी रोग्याच्या डोक्यावर बिल येऊन पडण्याचा धोका असतो.

नीट नोंद ठेवणे हे वैद्यकाचे कर्तव्यच आहे. या चामखिळी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतात, पुन्हा उद्भवतात, आणि संशयास्पद गाठीचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो. मागील नोंद नसेल तर पुढील उपचार आंधळा होतो. म्हणून आक्षेप नोंदीला नाही. नोंदीचा मालक बदलला, याला आहे. हे संकेतांकदेखील सार्वजनिक नाहीत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रसिद्ध केलेली ही संकेतावली आजही त्या खासगी संस्थेच्या स्वामित्वहक्काखाली आहे. सरकारने १९८३ साली ती मेडिकेअरसाठी स्वीकारली. म्हणजे शासनाने सक्ती करावी आणि परवान्याचे शुल्क खासगी संस्थेने घ्यावे!

सर्वात मोठा घाव बसतो तो गोपनीयतेवर. २०१० च्या कायद्याने तरुणांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येते. ही सवलत स्वागतार्हच. पण उपचाराच्या खर्चाचे विवरण सामान्यतः विमाधारकाच्या, म्हणजे बापाच्या किंवा आईच्या नावे घरी जाते. जी गोष्ट मुलीने वा मुलाने डॉक्टरलाही संकोचाने सांगितली, ती बिलाच्या वाटेने घरात पोहोचते. वेगळ्या पत्त्यावर कागद मागविण्याची तरतूद आहे. परंतु ती शोधून वापरण्याचा भार रोग्यावरच आहे. अशा स्थितीत कोणी उपचारच टाळला, तर दोष कोणाचा?

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. ब्रिटनने १९१६ च्या नियमांनी गुप्तरोगांवर मोफत व गोपनीय उपचारांची सोय केली, आणि तेथील सार्वजनिक दवाखान्यांत ती आजही चालू आहे. उपचाराच्या दारात बिल नसले की शरीरावरील प्रत्येक चामखीळ दावा म्हणून सिद्ध करावी लागत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. अमेरिकेतील या बिलांचे संकेतांक लावण्याचे काम चेन्नई, हैदराबाद, पुण्यातील हजारो तरुण कर्मचारी करतात. आणि भारतात २०१८ पासूनची आयुष्मान योजनाही सार्वजनिक पैसा पॅकेजच्या दराने खासगी रुग्णालयांकडे वळविते. बाह्यरुग्ण उपचार मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतात. जो उपचार साध्या सरकारी दवाखान्यात, संकोच न बाळगता व पैसा न मोजता मिळायला हवा, तोच विमा वाऱ्यावर सोडतो. म्हणून मागणी विम्याची नव्हे, तर सुसज्ज सार्वजनिक दवाखान्यांची असली पाहिजे, जेथे रोग्याची नोंद रोग्यासाठीच लिहिली जाईल. कामगार, महिला आणि युवक संघटनांनी ही मागणी गावोगावी नेणे अगत्याचे आहे.