मनातलं अंपायरला कुठून दिसणार?

इंदिरानगरसारख्या वसाहतीत रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलची मॅच चालू असते आणि एकदम आवाज चढतात. जाऊन बघावं तर रन काढणारा आणि थ्रोची वाट बघणारा फिल्डर एकमेकांवर आदळलेले. ‘मुद्दाम आडवा आलास!’ ‘मी बॉल बघत होतो, तूच अंगावर आलास!’ अरुंद बोगद्यात समोरासमोर अडकलेल्या गाड्यांसारखे दोघंही मागे हटत नाहीत. अंपायर असतो बॅटिंग टीमचाच, म्हणजे त्याच्या बोटाला किंमत शून्य.

पोरांना काय बोलावं? फेब्रुवारी १९९९मध्ये आख्खं ईडन गार्डन्स याच वादावर पेटलं होतं. आशियाई कसोटी स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध सचिन तिसरी धाव पुरी करत असताना स्टंपांजवळ उभ्या शोएब अख्तरवर आदळला. तेवढ्यात राखीव खेळाडू नदीम खानचा लांबून आलेला थ्रो थेट स्टंपांवर लागला. तिसरे पंच के. टी. फ्रान्सिस यांनी सचिनला धावबाद दिलं. पुढे सचिन आणि क्रिकेट प्रशासक जगमोहन दालमिया यांना मैदानात फिरून लोकांची समजूत काढावी लागली. शेवटच्या दिवशी तर प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या स्टेडियममध्ये सामना संपवला. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकलं, पण ‘शोएबनं मुद्दाम केलं का?’ हा प्रश्न आजही कट्ट्यावर निघतो.

निघणारच, कारण क्रिकेटचा कायदाच तो प्रश्न विचारतो. फिल्डरनं जाणूनबुजून अडवलं तर दंड. बॅट्समननं जाणूनबुजून अडथळा आणला तर तो बाद. म्हणजे पंचानं माणसाच्या मनात डोकवायचं! घरातल्या माणसाच्या मनातलं ओळखता ओळखता जन्म जातो, तिथे पळणाऱ्या माणसाचं अर्ध्या सेकंदात कसं ओळखायचं?

आपल्याकडे शाळाशाळांत खेळला जाणारा सॉफ्टबॉल इथे शहाणा वाटतो. तिथे बेस ६० फुटांवर, त्यामुळे टक्करी ठरलेल्याच. नियम मात्र वाट कोणाची एवढंच बघतो. फिल्डरच्या हातात बॉल नाही, तो बॉल अडवायच्या कामातही नाही आणि तरी रनरच्या वाटेत आहे? मग चूक फिल्डरची. अंपायर लगेच खेळ थांबवत नाही. डावा हात आडवा धरून मूठ वळतो आणि खेळ संपला की रनरला अडथळा नसता तर मिळाला असता तो बेस देऊन टाकतो. उलट, फटकावलेला बॉल फिल्डर अडवत असेल तर वाट त्याची. रनरनं वळसा घालावा. धडकला तर बाद, मग चुकून का धडकेना. थ्रो केलेल्या बॉलच्या बाबतीत मात्र रनरचा हेतू तिथेही बघतात. पहिल्या बेसवर तर भांडणाचं मूळच कापलंय: जोडबेस. पांढरा भाग फिल्डरचा, शेजारचा नारिंगी रनरचा.

यानं वाद संपतात असं नाही. बेसबॉलचा नियमही असाच. २०१३च्या वर्ल्ड सिरीजमधल्या तिसऱ्या सामन्यात बॉल पकडायला झेपावून जमिनीवर पडलेल्या बॉस्टनच्या विल मिडलब्रुक्सला अडखळून सेंट लुईसचा अॅलन क्रेग कोसळला. अंपायर जिम जॉइस यांनी अडथळा दिला, क्रेगची धाव मोजली गेली आणि त्या एका धावेनं सेंट लुईसनं बॉस्टनला हरवलं. पडलेल्या माणसानं जावं तरी कुठे, असं म्हणत बॉस्टनवाले चिडले. पण भांडण तो कुठे पडला होता याचं होतं. ते कॅमेऱ्यात दिसतं. आणि कोणाला ‘तू लबाड आहेस’ म्हणावं लागत नाही.

आपल्या भांडणात खरा डंख त्या ‘मुद्दाम’चा असतो. आउट झाल्याचं दुःख पोरगं दुसऱ्या ओव्हरपर्यंत विसरतं, लबाड ठरवल्याचं दोन दोन महिने धरून ठेवतं.

‘एक टप्पा आउट’ आणि ‘कंपाउंडबाहेर गेला तर आउट’ हे टॉसच्या आधी ठरतंच. त्यात एक कलम वाढवा: हातात बॉल नसेल तर वाटेतून बाजूला. मनात काय होतं याचा निकाल मॅचनंतर चहाच्या टपरीवर लावा. तिथलं बिल हरलेली टीम भरते, त्यामुळे सुनावणी फार लांबत नाही.