आपण सगळेच बंडखोर कसे?

'अँडोर'चा शेवटचा भाग संपवून आम्ही चौघे रात्री जुहू चौपाटीवर गेलो. दोघांच्या टी-शर्टवर 'स्टार वॉर्स'मधल्या बंडखोरांचं चिन्ह होतं. पावभाजी खाताना एक मित्र म्हणाला, "अमेरिकन लोकांना हे काय कळणार? आपण दीडशे वर्षं इंग्रजांचं राज्य सोसलंय. आपण जन्मजात रिबेल्स!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना.

अवकाशातल्या साम्राज्यांच्या गोष्टी वसाहतवादाबद्दलच असतात, यात वाद नाही. मंगळावरून आलेल्या आक्रमकांची गोष्ट सांगताना एच. जी. वेल्सने १८९८ साली पहिल्याच प्रकरणात टास्मानियाची आठवण करून दिली होती. युरोपीयांनी तिथल्या लोकांचं जे केलं, तेच मंगळवासीयांनी आपलं केलं तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची, असा त्याचा सवाल होता. 'स्टार वॉर्स'चे बंडखोर रचताना व्हिएतनामचं युद्ध डोळ्यांसमोर होतं, असं जॉर्ज लुकासने स्वतः सांगितलंय. म्हणजे फॅन लोक काही नसतं शोधत नाहीत.

माझं भांडण वेगळं आहे. या गोष्टी बघून आपण साम्राज्य ओळखायला शिकलो ते हेल्मेटवरून. पांढरं चिलखत घातलेला सैनिक दिसला की साम्राज्य. तो दिसला नाही की आपण निवांत.

'अँडोर' नेमकं इथेच आपल्याला पकडतो. त्यातल्या आल्दानी ग्रहावरच्या डोंगरी लोकांची पवित्र यात्रा साम्राज्याला बंद पाडायची असते. गोळीबार होत नाही. वाटेत निवाऱ्याची, खाण्यापिण्याची सोय केली जाते. दर यात्रेत थोडी माणसं तिथेच थांबतात, डोंगरावर पोचणारे कमी होत जातात. नार्कीना तुरुंगातले कैदी शिफ्टमागून शिफ्ट कसलेसे सुटे भाग जोडत राहतात. ते भाग डेथ स्टारचे आहेत हे प्रेक्षकाला शेवटी कळतं, कैद्यांना नाही.

आता आम्ही पावभाजी खात होतो त्या किनाऱ्याकडे या. एप्रिल १९३० मध्ये इथे मिठाचा कायदा मोडला गेला. विलेपार्ल्याला सत्याग्रहींची छावणी होती. तिच्या पुढाऱ्यांतले जमनालाल बजाज तुरुंगात गेले. ज्या कायद्याविरुद्ध हे चाललं होतं, तो १८८२ सालचा. समोर समुद्र पसरलेला, पण त्याच्या पाण्यातून मूठभर मीठ काढलं तरी तुम्ही गुन्हेगार. साम्राज्य म्हणजे हे: कुठल्यातरी टेबलावर लिहिलेलं एक कलम.

आणि ते कलम राबवत कोण होतं? वरचे साहेब गोरे, पण शिपाई, कारकून, हिशेबनीस बहुतेक आपलेच. माझे पणजोबा कलेक्टर कचेरीत कारकून होते. कोट-टोपीतला त्यांचा फोटो आमच्या घरात अजून आहे. दीडशे वर्षं 'सोसलं' म्हणताना मी त्यांना कुठे बसवू?

पणजोबांचं सोडा, माझं सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका नोकरीत मी डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या इन्सेंटिव्हचा कोड लिहिला. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला, तर त्या फेरीचा इन्सेंटिव्ह शून्य. चार ओळींची अट. टेस्ट पास झाल्या, शाबासकी मिळाली. जुलैत गुडघाभर पाणी साचलेल्या रस्त्यात एक मुलगा बाइक ढकलताना मला रिक्षातून दिसला. पाठीवर आमचीच बॅग. त्याचे पैसे कापायला कुठलाही सैनिक येणार नव्हता. माझ्या चार ओळी पुरेशा होत्या.

"याला साम्राज्य म्हणणं अतीच झालं, आपण साधे नोकरदार," असं मित्र म्हणतात. प्रमाण वेगळं आहे, मान्य. पण 'साधे नोकरदार' हे उत्तर प्रत्येक साम्राज्याच्या प्रत्येक कचेरीत दिलं गेलंय. आणि नोकरी सोडा, असं मी म्हणतच नाहीये. माझेही हप्ते आहेत. एवढंच म्हणतोय की बंडखोरी वारशाने मिळत नाही, टी-शर्टबरोबर तर नाहीच. १९३० च्या त्या माणसांकडेही डेथ स्टार उडवणारा एक अचूक नेम नव्हता. होती ती चूल, कढई, खारं पाणी आणि उद्या पुन्हा तेच करायची तयारी. बघायला कंटाळवाणं काम. त्यावर कुणी पोस्टर काढणार नाही.

मी मीटिंगमध्ये विचारलं, "पावसाचं काय?" उत्तर आलं, "तो बिझनेसचा निर्णय आहे." मी टिकेट उघडलं: अतिवृष्टीच्या दिवशी ही अट लावू नये. ते बॅकलॉगच्या तळाशी गेलं. दर सोमवारी मी त्यावर कमेंट टाकत राहिलो. टीम लीड वैतागला, बाकीचे हसायचे. तिसऱ्या महिन्यात एका मुलीने माझ्या कमेंटखाली लिहिलं, "मलाही हेच विचारायचं होतं."

मी ती नोकरी सोडली तेव्हा टिकेट अजून उघडंच होतं. सोमवारची कमेंट आता ती टाकते.