मुक्या वस्तूंची वाचा

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते आणि कोरीव दरवाजे पाहून प्रेक्षक थक्क होतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी आयुष्य वेचून जमविलेला हा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अशा संग्रहाचा अभिरक्षक हा केवळ किल्ल्यांचा धनी नव्हे, हे मात्र अद्याप आम्हांस उमगलेले दिसत नाही. चित्रावर चित्रकाराची सही असते. अडकित्त्यावर ती बहुधा नसते. तो कोणी, कोणत्या हत्याराने घडविला आणि कसा वापरला गेला, हे शोधून नोंदविणे हेच अभिरक्षकाचे खरे कर्तव्य होय. ही माहिती दप्तरात थोडी. तांबट आळीतील वृद्ध कारागिरांच्या आणि घरोघरच्या आज्यांच्या स्मृतीत अधिक. ती पिढी गेली की वस्तू उरेल, पण मुकी होईल. पितळेवरचा काळिमा चिंचेने निघतो. विस्मृतीचा निघत नाही. म्हणून इमारतींच्या रंगरंगोटीपूर्वी जाणत्या अभिरक्षकांच्या नेमणुकीसाठी आणि या नोंदींसाठी पैसा काढावा, अशी शासनास व सर्व संग्रहालयांच्या चालकांस आमची आग्रहाची सूचना आहे.